वाटीतले हुलगे

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

पणतीच्या निगडीतल्या बालवाडीत आज घरच्या म्हाताऱ्यांना बोलावलं होतं. डोळे बांधून घ्यायचे आणि वाटीत काय आहे ते हातानं ओळखायचं. म्हटलं, हा तर माझाच खेळ! छप्पन-सत्तावन्न साली चिखलीच्या बालवाडीत बाई पदरानं आमचे डोळे झाकायच्या आणि मी ज्वारी, बाजरी, मटकी धडाधड सांगायची.

आज वाटीत बोटं घातली आणि ठणकावून म्हणाले, "हुलगं हायती!"

पणती हसली. "नाही गं पणजी, प्लॅस्टिकचे मणी आहेत." मग विचारते, "हुलगे म्हणजे काय?"

तिला दाखवायला घरी येऊन सगळे डबे उघडले. एकातही हुलगे नाहीत.

कुणाकडे मूठभर आहेत का हो? आत्ता येते.