पोचल्याचा निरोप

या ग्रुपवरचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. कुणी लिहिलं की पहाटे छातीवर कुणीतरी बसलं होतं, की खाली "याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात" असं लिहिणारी बाई मीच. लोणावळ्याच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. करणी, नजर, बाहेरची बाधा… यातलं काहीही मी मानत नव्हते आणि आजही मानत नाही. तेव्हा पुढचं वाचून कुणाला माझीच चूक सापडली तर जरूर सांगा. मला ती हवीच आहे.

संपत माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लोणावळ्याला लागून औंढे गाव आहे, ते माझं माहेर. तिथे तो आणि आई असे दोघंच राहायचे. पावसाळ्यात भात करायचा आणि बाकी वर्षभर मुंबईवाल्यांच्या चार बंगल्यांची देखभाल – बागेला पाणी, पंप, मालक यायच्या आधी झाडलोट. लग्नाचं अगदी जमत आलं होतं तेव्हा मानेला गाठ आली. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. केमो झाली, बरा झाला. वर्षाने आजार परत उलटला. आणखी कडक केमो, परत बरा, आणि पाच महिन्यांत पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याने गाठ दाखवलीसुद्धा नाही. नोव्हेंबरची थंडी होती, नुसता मफलर गुंडाळून फिरत होता आणि आम्हाला वाटलं थंडीमुळेच.

पुण्याच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, नेहमीची औषधं आता संपली. एका नव्या उपचाराची ट्रायल चालू आहे. त्याच्याच रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, लॅबमध्ये त्यांच्या जनुकांत बदल करून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, तिथेच कोट्यवधींनी वाढवायचं आणि परत त्याच्याच अंगात सोडायचं. सगळ्याला तीन-चार आठवडे. घरी येऊन मी आईला समजवायला वहीत चित्रं काढत बसले. पहिल्या चित्रातच आई जांभया देऊ लागली. संपत म्हणाला, "अगं आई, भातावानीच की. रोप एकीकडं करायचं आन् लावणी दुसरीकडं." एवढ्यात तिला कळलं. पंधरा वर्षं मास्तरकी करून माझी ही गत.

डिसेंबरमधल्या एका शुक्रवारी पेशी काढल्या. दोन्ही हातांत सुया, शेजारी वॉशिंग मशीनएवढं यंत्र, चार तास. संध्याकाळी औंढ्याला परत. त्याची प्रतिकारशक्ती अगदीच कमी होती म्हणून डॉक्टरांनी तापाची वही ठेवायला सांगितली होती. वेळ, ताप, तक्रार असे तीन रकाने मी आखले. शाळेत रजा टाकून मी तिथेच राहिले होते.

शनिवारी सकाळी पेशींची पेटी पुण्याहून गाडीने निघून मुंबईच्या बाजूच्या लॅबला जायची होती. मी उठून केर काढायला घेतला तर आईने हातातला झाडू काढून घेतला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घरात माणूस गावाला निघाला की तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत केर काढत नाहीत. पूर्वी निरोप यायला दोन दिवस लागायचे. आता बोरघाट उतरून कुणी पनवेलला गेलं तरी "पोचलो" असा फोन येतो आणि मग आई झाडू उचलते.

मी म्हटलं, कोण गेलंय गावाला? संपत हा काय समोर बसलाय.

आई म्हणाली, "त्याचं रगात वाटंला लागलंय न्हवं? पोचल्याचा निरोप आला का?"

रक्त म्हणजे माणूस नव्हे, असं मी सांगून पाहिलं. घरात धूळ राहिली तर त्याला इन्फेक्शन होईल, हेही सांगितलं. आई ढिम्म. मग माझं डोकं फिरलं. मी तशी तापटच आहे, वर्गातली पोरं सांगतील. अंगणात गेले, बंद फोन कानाला लावला, दोनदा "हो हो" म्हटलं आणि आत येऊन सांगितलं, "आला निरोप. पोचलं." साडेअकरा वाजले होते. आईने हात जोडले आणि झाडू मला दिला. मी कोपऱ्याकोपऱ्यातून केर काढला आणि मनात म्हणत होते, कशी जिरवली.

संपत पडवीत खाटेवर पडला होता. सव्वाच्या सुमाराला म्हणाला, "ताई, उकडतंय."

त्या दिवशी गार वारं सुटलं होतं. आई भर दुपारी शाल घेऊन बसली होती. मी थर्मामीटर लावला – सत्त्याण्णव पॉइंट सहा. कपाळ गार होतं. त्याने पांघरूण फेकलं, मफलर काढला. दहा मिनिटांनी म्हणाला, बंद गाडीत बसल्यासारखं वाटतंय, काचा लावल्यात, चहूकडून हॉर्न वाजतायत आणि गाडी काही हलत नाही. दोन वाजता परत ताप पाहिला, तोच आकडा. दोन चाळीसला तोच आकडा. मी प्रत्येक वेळी वहीत लिहीत गेले. माणूस कासावीस होऊन तळमळत होता आणि अंगाला हात लावावा तर गार. हॉस्पिटलला फोन केला, तिथले डॉक्टर म्हणाले ताप नाही ना, मग घाबरू नका, टेन्शन असेल.

तीनच्या पुढे तो उठला, भिंत धरत अंगणात गेला आणि एक्स्प्रेस वेच्या बाजूला तोंड करून उभा राहिला.

"ताई, मी तितं हाय," तो म्हणाला. "कुणीतरी दार उघडा म्हणावं."

मी त्याला धरून आत आणलं. चार वाजून दहा मिनिटांनी तो "सुटली" म्हणाला आणि लगेच गाढ झोपला. वहीत मी लिहिलं – अस्वस्थता, बहुधा चिंतेमुळे. वही अजून माझ्याकडे आहे.

बाराव्या दिवशी आम्हाला बोलावून घेतलं. संपत बाहेर बाकावर बसला, आत मीच गेले. डॉक्टर म्हणाले की पेशी वाढल्या नाहीत, बॅच टाकून द्यावी लागली. इतक्या केमोंनंतर पेशी आधीच दमलेल्या होत्या हे एक कारण असू शकतं. आणि दुसरं म्हणजे, पेटी वाटेत अडकली होती. शनिवार, घाटात टँकर बंद पडलेला, सगळा एक्स्प्रेस वे ठप्प. पेटीतल्या थंड पिशव्या तेवढा वेळ पुरल्या नाहीत. नेमकं कशामुळे झालं हे खात्रीने सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

मी विचारलं, कुठे अडकली होती?

शेजारी ट्रायलच्या कोऑर्डिनेटर बाई बसल्या होत्या. त्यांनी फाइल उघडली. पेटीत तापमान नोंदवणारं यंत्र असतं, त्याचा कागद होता. गाडी सकाळी अकरापासून लोणावळ्याच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी. तापमान मर्यादेबाहेर गेलं दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी. गाडी हलली चार दहाला.

माझी वही पर्समध्येच होती. मी ती काढली नाही. बाहेर येऊन संपतला एवढंच सांगितलं, पेशी परत काढाव्या लागतील.

आमच्या घरापासून ती जागा स्कूटीने पंधरा मिनिटांवर आहे. लोकहो, उकडण्याचं काय करायचं ते तुम्ही करा, मला झोपेतसुद्धा छळतं ते वेगळंच. साडेअकराला मी खरा फोन केला असता तर? "पेटी पोचली का" एवढं विचारायचं होतं. बाईंनी ड्रायव्हरला फोन लावला असता, घाट बंद आहे हे तेव्हाच कळलं असतं. पेटी लोणावळ्यात उतरवता आली असती, फ्रीज तर पाच हॉटेलांत मिळाले असते. मीच गेले असते. तीन तास माझा भाऊ घाटात उकडत पडला होता आणि मी घरात बसून त्याचा ताप मोजत होते.

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पन निरोप तर आल्ता न्हवं?"

मी म्हटलं, "हो, आलता."

दुसऱ्यांदा पेशी काढायला परवानगी मिळायला वेळ गेला. तोवर गाठी छातीत उतरल्या होत्या, त्याला आडवं झोपता येत नव्हतं. यंत्रावर पाच तास बसवलं, तेही उशीला टेकून. पेटी निघाल्यापासून मी दर अर्ध्या तासाला कोऑर्डिनेटर बाईंना फोन करत होते, त्या बिचाऱ्या एकदाही चिडल्या नाहीत. अखेर त्यांचा मेसेज आला की पेटी लॅबमध्ये पोचली. संपतला दम लागायचा म्हणून पुण्यातच ठेवून घेतलं होतं. आता फक्त वाट पाहायची.

आणि तो सुधारल्यासारखा बोलायला लागला. शरीर नव्हे, बोलणंच. सहाव्या दिवशी सकाळी मी त्याला चमच्याने पेज भरवत होते. हसून म्हणाला, "लय झालोय गं मी. दाटी झालीय नुसती." मी विचारलं, कुठे? तर हाताने लांब कुठेतरी दाखवलं. वजन एक्केचाळीस किलो. नर्सला वाटलं भ्रम होतोय. मलाही तसंच वाटायला हवं होतं, पण मी गुपचूप तारीख आणि वेळ लिहून ठेवली. विज्ञानाच्या शिक्षिकेने, हो. माझी आशा त्या दोन वाक्यांवर चालली होती, डॉक्टरांच्या रिपोर्टवर नाही. रोज सकाळी जाऊन विचारायचे, काय रे, तिकडे कसं आहे? तो म्हणायचा, बेस.

पंधराव्या दिवशी दुपारी त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "ताई, तितं मी एकदम टकाटक हाय. हितलाच मी आटपत आलोय."

मी रागावले. म्हटलं, गप बस, बोलून दमतोस. मास्क परत लावला. त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं हेच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो गेला.

तिसऱ्या दिवशी आम्ही औंढ्याला होतो, घरात सुतक. अनोळखी नंबरवरून फोन आला. लॅबचा माणूस होता, तरुण वाटला, आवाजात आनंद मावत नव्हता. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. म्हणाला, मॅडम, बॅच सगळ्या तपासण्यांत पास झाली, वाढ अपेक्षेपेक्षा खूपच चांगली आहे, पिशवी गोठवून तयार ठेवलीय, पेशंटला कधी ॲडमिट करताय?

मी त्याला एवढंच विचारलं की वाढ कधीपासून चांगली व्हायला लागली. त्याने बघून सांगितलं, सहाव्या दिवसापासून. मग मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, सॉरी ताई. मीच त्याला म्हटलं, तुझी काही चूक नाही बाळा.

महिन्याभराने एक फॉर्म आला. पिशवी अजून त्यांच्या टाकीत आहे. ती नष्ट करायची की संशोधनाला द्यायची, यावर नातेवाइकाची सही हवी. मी टेबलाशी पेन घेऊन बसले होते. आईने विचारलं, कसला कागद? मी सांगितलं.

"जित्या हायत का त्या?" आईने विचारलं.

दोनदा खोटं बोलून झालं होतं. तिसऱ्यांदा जमलं नाही. म्हटलं, हो. गोठलेल्या आहेत, पण जिवंत आहेत.

"मग सही कशाला करती गं?"

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. योगायोग म्हणा, भ्रम म्हणा, बहिणीचं दुःख म्हणा, मीही तुमच्या जागी असते तर खाली हेच लिहिलं असतं. सुट्या पेशीला उकडत नाही, दाटी कळत नाही, कुणी आपलं गेलं तेही कळत नाही; जाणवायला मज्जासंस्था लागते. हा धडा गेल्या आठवड्यातच नववीला शिकवला आणि बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलीला पैकीच्या पैकी मार्क दिले.

कोऑर्डिनेटर बाईंचे दोन फोन येऊन गेले. फॉर्म कपाटात आहे. सही अजून केलेली नाही.