बसवेशची डबी

मन्मथप्पा घरी खोटं बोलला. "आंबाजोगाईला जातो, फोनच्या बिलाचं काम हाय," म्हनला अन् धारूरहून एष्टीत बसला. बंडीच्या आतल्या खिशात चांदीची डबी. डबीत पोराचं इष्टलिंग.

लिंगायताच्या गळ्यात लिंग लहानपनापासून. मेल्यावर मानसाला बसवून पुरतेत, तवाबी हातात तेच. बसवेशनं मात्र फौजेच्या भरतीच्या दिवशी ते काढून बापाला दिलं. आंबाजोगाईच्या बागेत, जिथं आता मन्मथप्पा चालला होता. तिथं इंग्रजाच्या काळातल्या एका गोऱ्या घोडेस्वाराची कबर हाय. भरतीला जानारी पोरं तिच्यावर सिगारेट पेटवून ठिवतेत, साहेब पास करतो म्हनून. बसवेशनंबी ठिवली.

"आप्पा, पळताना दोरा तुटंल. तुमच्यापाशी ठिवा."

मन्मथप्पानं ठिवलं. पोरगं पास झालं.

मग सीमेवर बर्फाचा कडा कोसळला. खबर आली ती मन्मथप्पाच्याच एसटीडी बूथवर. गावातला पैला पिवळा बोर्ड त्याचा, लई मिरवायचा. अंग काही सापडलं न्हाई. लिंगायताचे गुरू, जंगम, म्हनले, निदान लिंग तरी मातीला द्या. बायको, गंगासागर, उसळली.

"माती कुनाला? आदी अंग दावा!"

रोज आपल्या लिंगासंगं पोराच्या लिंगालाबी बेल वहायची. अन् नवऱ्याला जवातवा एकच इचारायची, "तुमी घेतलंच कावून त्याच्याकून?"

बागेत माळ्याबिगर चिटपाखरू नव्हतं. मन्मथप्पा कबरीच्या कडंला खुरपं घेऊन बसला, तसा माळी हरिबा पाइप टाकून आला.

"आप्पा, खांदू नका. सरकारी जागा हाय."

"हरिबा, ह्या गोऱ्याला कुनी पुरलं रं? मायबाप होते का हितं?"

"मला काय म्हाईत! आसंल कुनी पलटनीतलं."

"परक्यानंच ना? मंग माझ्या पोराला ह्याच्या शेजारी जरा जागा दे."

हरिबाचं तोंड उतरलं. "खोल घ्या. कुत्री उकरतेत," म्हनला अन् पाठ करून झाडांना पानी मारत ऱ्हायला.

हातभर खड्डा झाला. शेवटचं बघावं म्हनून मन्मथप्पानं डबी उघडली.

आत सुपारी.

डबी परत न्यावी तर घरी बोलावं लागनार. सुपारीसकट डबी खड्ड्यात ठिवली, माती लोटली, हातानं दाबली. जल्मात कधी इडी वढली न्हाई, पर टपरीवरून सिगारेट आनून कबरीवर पेटवून ठिवली. ती इझली. परत पेटवली न्हाई.

घरी गंगासागर बूथमदी फोनजवळ बसलेली. गळ्यात दोन दोरे.

"झालं बिलाचं काम?"

"झालं."

"अन् डबी?"

"पुरली."

"सुपारी चांगली चिकनी होती. वाया घातली."

मन्मथप्पा खाली बसला. "एका गळ्यात दोन चालत न्हाईत, गंगा."

"चालंल न्हाईतर न चालंल. मला बसवताल तवा त्याचं माझ्या मांडीवर ठिवा. तवर कुनाला देनार न्हाई."

"अन् मी आदी गेलो तर? माझ्या हातात दे की."

गंगासागरनं दोन्ही दोरे पदराखाली घेतले.

"तुमच्या हातात न्हाई. तुमी एकदा घेतलतं."

मन्मथप्पा उठला अन् बूथचं शटर ओढाया लागला. गंगासागर फोनजवळून हालली न्हाई.

"ऱ्हाऊ द्या उघडं," ती म्हनली.

त्यानं शटर परत वर केलं.