मागेपुढे लागलेले फर्मे

माझा मामा पुस्तकांची बांधणी करतो आणि दुरुस्तीला आलेलं पुस्तकच वाचतो. विकत घेऊन वाचणं ही त्याच्या मते निव्वळ चैन. वर्षअखेरीला तो आम्हाला त्या वर्षीची आवडती पुस्तकं सांगतो, आणि मध्ये कुणी बोललं की डाफरतो.

यंदा तीन निघाली. एक मधमाश्या पाळण्याचं, एक कुणा खलाशाच्या पत्रांचं, आणि तिसरं ऐकून आम्ही उडालोच: ख्रिस्ती प्रार्थनेवरचं. मामाचं आणि देवाचं कधी पटलेलं नाही.

"त्यात मी माती खाल्ली," तो म्हणाला. शिवता शिवता तो वाचत बसला आणि दोन फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन गठ्ठे, मागेपुढे लागले. क्षमेचं प्रकरण आधी आलं, पापाच्या कबुलीचं नंतर. पुस्तक मठातल्या एका म्हाताऱ्या सिस्टरचं होतं. मामाने कपाळाला हात लावला आणि उसवून पुन्हा शिवून देतो म्हणाला.

पानं चाळून सिस्टर हसल्या. "राहू द्या. देव याच क्रमाने करतो. तो आधी माफ करतो, म्हणून तर आपल्याला कबूल करायचा धीर होतो."

एवढं सांगून मामा हात धुवायला उठला. धाकट्या मामाने आधी माफी मागावी म्हणून हा नऊ वर्षं अडून बसलेला, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"मग?" आईने हळूच विचारलं.

"मग काय? एक ताट जास्त घे," तो तिच्यावर खेकसला. "त्याला जेवायला बोलावलंय मी."