वाळवीनं सोडलेलं क्रियापद

अख्ख्या डहाणू-तलासरीत एका क्रियापदावर आयुष्य काढलेला माणूस एकच, आणि तो माझा सख्खा मामा. त्याला इंग्रजी येतं म्हणणं खोटं, आणि येत नाही म्हणणं त्याहून खोटं. त्याला ‘गिव्ह’ येतं. पण असं येतं, की माझ्या कॉलेजातल्या सरांना सगळी इंग्रजी मिळूनही तसं येत नसावं.

मामा सरावलीकडच्या एका चिकूच्या वाडीत माळी होता. वाडीच्या म्हाताऱ्या शेठाणीबाईंनी जाण्याआधी त्याला इंग्रजी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. मामा सातवी शिकलेला. त्यानं पुस्तक देवाशेजारच्या फळीवर ठेवलं आणि चांगला दिवस बघून सुरुवात करू म्हणत राहिला. तोवर वाळवीनं सुरुवात केली. मामानं पुस्तक उघडलं तेव्हा पुढची इंग्रजी संपली होती, मागची इंग्रजी संपली होती, आणि मधली बारा-चौदा पानं तेवढी शिल्लक होती. ‘गिव्ह’ हे क्रियापद ‘हू’ आणि ‘विच’च्या वाक्यांत कसं येतं, कोणत्या शब्दाला जोडलं की त्याचा काय अर्थ होतो, एवढंच त्या पानांवर होतं. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. मामा म्हणाला, “वाळवीला अक्कल आहे. कामापुरतं ठेवलं तिनं.”

मग त्यानं तेलाचे डबे कापून पाट्या केल्या, फाटकाला लावून उरलेला पांढरा रंग घेतला आणि वाडीतल्या झाडाझाडावर इंग्रजी टांगली. मे महिन्यात लगडणाऱ्या झाडावर ‘ट्री विच गिव्ज इन मे’. दोन बहर चांगले धरणाऱ्यावर ‘ट्री विच गिव्ज ट्वाइस’. विहिरीजवळ एक थकलेलं झाड होतं, त्यावर ‘ट्री विच गेव्ह अँड गेव्ह अप’. दिलं दिलं आणि मग हात टेकले. शेठाणीबाईंचा मुलगा मुंबईहून आला की या पाट्या वाचत हिंडायचा आणि पोट धरून हसायचा. पण तोडणीला आलेल्या बायकांना कुठल्या झाडाला कधी हात लावायचा ते मामाला कधी पुन्हा सांगावं लागलं नाही, आणि त्या बायकांना तर मराठीही वाचता येत नव्हतं. पाटीचा आकारच त्या ओळखत.

हे वेड वाडीपुरतं राहिलं असतं तर मामीचं काही म्हणणं नव्हतं. एकदा खुराड्यावर पाटी लागली, ‘हेन विच हॅज नॉट गिव्हन सिन्स मंडे’. मामीनं मला अर्थ विचारला, मी सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी त्या कोंबडीचा रस्सा झाला. मामा जेवला नाही. मामीला म्हणाला, “मी नोंद केली होती. शिक्षा नव्हती सुनावली.”

मामी म्हणाली, “मग मराठीत लिहायचं. इंग्रजीत लिहिलं की मला वाटतं सरकारी हुकूम आहे.”

तलासरीच्या बँकेत एकदा मी त्याच्यासोबत होते. खिडकीतला माणूस मान वर करीना. मामानं टोपी काढली आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, “आय ॲम द मॅन हू गेव्ह द फॉर्म यस्टरडे.” सगळी रांग वळून बघायला लागली. आतून साहेब उठून आले, मामाला खुर्ची दिली, आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायला लागले. मामा शेवटपर्यंत हसतमुख बसला. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले साहेब? “मला काय ठाऊक? त्यांच्या बोलण्यात आपलं क्रियापद एकदाही आलं नाही.”

मी त्याच्याकडे राहायला आले २०१४ साली, बारावी झाल्यावर. आमचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडे. भात, नागली आणि वर्षातले काही महिने बाहेरची मजुरी, असं घर. कॉलेजात पाऊल टाकलेलं आमच्या घरात मी पहिलं माणूस, आणि हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण कॉलेजात गेल्यावर कळलं, की बाकीचे विषय माझ्याशी माणसासारखे वागत होते, इंग्रजी तेवढी ओळख देत नव्हती. पहिल्या वर्षाचा तो पेपर माझा राहिला. पुन्हा दिला, पुन्हा राहिला.

माझी चूक एकच होती आणि ती मी दर ओळीत करत होते. मराठीत ‘जो’ म्हटलं की मागोमाग ‘तो’ येतो, म्हणून मी इंग्रजीतही ‘हू’ लिहिलं की पुढं ‘ही’ लिहायची. तपासणाऱ्यानं प्रत्येक ‘ही’भोवती लाल गोल काढला होता. मामानं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स लांब धरून पाहिली. “मराठीत जोडीनं जातात. इंग्रजीत हा एकटाच बाजाराला जातो, बायको घरी. तू दर वेळी तिला पाठवतेस.”

मी चिडून म्हटलं, “मामा, तुझं तरी कुठं बरोबर आहे? ‘गिव्ह एक्झाम’ म्हणतोस. इंग्रजीत परीक्षा देत नाहीत. विद्यार्थी परीक्षा घेतो, टेक म्हणतात.”

मामानं झेरॉक्स खाली ठेवली. “ज्याचा घाम जातो तो घेतो कसा? हे त्या पानांत नाही. वाळवीनं खाल्लं ते बरं केलं.”

दुसऱ्यांदा नापास झाले त्याच आठवड्यात बाबा डहाणूला आले. माझ्या दोन चुलत बहिणी फुग्यांच्या कारखान्यात लागल्या होत्या, तिथं मलाही लावायचं ठरवूनच आले होते. त्या कामात कमीपणा काही नाही. पण मला ते नको होतं, आणि बाबांसमोर तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती. ओटीवर बसून बाबा म्हणाले, “भाऊ, दोनदा झालं. पोरीचा तरी किती पाणउतारा करायचा? तिची पेटी भरून दे.”

मामा म्हणाला, “दाजी, पेटी भरू. आधी जरा वाडीत चला.”

वाडीच्या कुंपणाला लागून एक चिकूचं झाड होतं. कलमाचं नव्हे, बी पडून आपसूक उगवलेलं. त्यानं कधी एक फळ धरलं नव्हतं. शेठ, म्हणजे शेठाणीबाईंचा मुलगा, दर खेपेला सांगून जायचे, हे काढून टाक, आणि मामानं त्यावर पाटी टांगली होती, ‘ट्री विच विल गिव्ह’. पाटी वाचली की शेठ हसायचे, आणि हसलेला माणूस कुऱ्हाड मागत नाही. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी पाटीवर बोट ठेवलं.

“काय लिहिलंय?”

“हे झाड देईल, असं लिहिलंय.”

“दिलंय का आजवर?”

“नाही.”

“किती वर्षं झाली?”

“नऊ.”

बाबांनी झाडाकडे पाहिलं, मग मामाकडे. “नऊ वर्षं पाणी घालतोस?”

“झाड कुठं पळून जातंय, दाजी.”

बाबा खोडाला पाठ टेकून उभे राहिले. बोटांनी तंबाखू मळत राहिले, तोंडात काही टाकली नाही. शेवटी म्हणाले, “नऊ नाही जमायची मला. एक वर्ष देतो.”

मामा माझ्याकडे वळला. “ऐकलंस? देतो म्हणाले.”

त्या वर्षी मामानं मला सोडलं नाही. संध्याकाळी पाटाचं पाणी एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे वळवताना तो विचारायचा, आज कोण भेटलं? आणि मी सांगायची, पण फक्त त्याच्या क्रियापदात. बसमध्ये जागा देणारी बाई. खोटं आश्वासन देणारा कारकून. उत्तर न देणाऱ्या मॅडम. चुकून ‘ही’ जोडलं की मामा फावडं टेकवायचा, पाणी अडायचं, आणि वाक्य सुधारेपर्यंत पुढचं झाड तहानलेलं राहायचं. झाडाची दया येऊन मी इंग्रजी शिकले असं म्हटलं तरी चालेल. मामी ओटीवरून ओरडायची, “भाताला आधण आलंय. तुमचं देणं-घेणं आटपलं असेल तर या.”

पेपरात एका परिचित व्यक्तीचं वर्णन करा असा प्रश्न आला. मी मामाचं केलं. पुस्तक भेट मिळालेला माणूस, झाडांना नावं न देता कामं देणारा माणूस, हार न मानणारा माणूस. एकही लाल गोल पडायला मी जागा ठेवली नाही. विषय सुटला. पुढं बी.ए. झाले, आणि तलासरीत एका कार्यालयात लागले. त्या पेपराच्या निकालाच्या दिवशी बाबांनी पेढे आणले होते, मामी रडली, आणि मामा पेढा घेऊन कुंपणाकडे निघून गेला. मागून जाऊन पाहिलं तर तो झाडाला सांगत होता, “तिचं झालं. तुला घाई नाही.”

२०१९ मध्ये मामाचं वाडीतलं काम सुटलं. डोळे अधू झाले, पाट्या दिसेनात, म्हणून तो आणि मामी गावी, तलासरीकडे राहायला आले. रविवारी मी जाते. दर वेळी तो एकच विचारतो, “त्यानं दिलं का?” ‘त्यानं’ म्हणजे कुणी, ते मला विचारावं लागत नाही.

मागच्या महिन्यात मी वाडीत जाऊन आले. नव्या माळ्यानं शेड घालायला कुंपणाकडची जागा मोकळी केली होती. त्या झाडाची पाटी एका कोपऱ्यात पडली होती, ती तेवढी मी उचलून आणली. येताना वाणगावच्या बाजारातून चिकू घेतले, आणि रविवारी मामाच्या हातात एक ठेवून म्हटलं, “दिलं त्यानं.”

मामानं चिकू हुंगला. सोलला, अर्धा तोंडात टाकला, बी काढून अंगठ्यानं चोळली. चघळत राहिला. मी मामीकडे बघत होते, मामी तांदूळ निवडत होती.

“हे वाणगावकडचं,” मामा म्हणाला. “गोड आहे. पण पोरी, दुसऱ्याचं त्याच्या नावावर खपवू नकोस. त्याला वाईट वाटेल.” उरलेला अर्धा त्यानं माझ्या हातात दिला. “देईल ते. मी कुठं तारीख लिहिली होती?”

पाटी माझ्या पिशवीतच होती. मी पिशवी पायाशी सरकवली, अर्धा चिकू खाल्ला, आणि म्हटलं, “देईल, मामा.”