औंदा मरणाऱ्यांची यादी

निजामी अमलात बीड जिल्ह्यातल्या एका कचेरीत मी पेन्शनचा अहलकार, म्हणजे कारकून, होतो. कचेरीत कागद जितके साठायचे तितकेच किस्सेही. कागद वाळवीनं खाल्ले, किस्से मात्र माझ्याच डोक्याला खात राहिले!

एकदा वरून हुकूम आला. पेन्शनवाले अंदाजापेक्षा फार जगतात, खजिन्यावर भार पडतो. तरी प्रत्येकाचं वय लिहा आणि पुढच्या फसली सालात कोण कोण वारेल, ते नावानिशी कळवा.

मी तहसीलदारसाहेबांना म्हणालो, "हुजूर, हे मी कसं सांगू?"

साहेब म्हणाले, "अंदाजे!"

*

आधी वयं. गेवराईकडचे रामजी, जुने शिपाई.

"वय किती?"

"आसंल की चाळीस."

"अहो, पेन्शन घेऊन वीस वर्षं झाली!"

"मंग साठ लिवा. तुमच्याच हातात हाय."

लिहिलं. मागं त्यांचा थोरला मुलगा उभा होता. सहज विचारलं, तर म्हणाला, "मी पासष्टचा!"

*

शेवटी वैतागून यादी केली. खोकणारे वर, काठीवाले त्यांच्याखाली, आणि माझ्याशी भांडलेले दोघे मधे! पण चपराशानं बाजारात बोभाटा केला. लोकांनी अर्थ काढला, की यादीत नाव आलं त्यानं सालाच्या आत मरायचं, नाहीतर पेन्शन बंद. मी घसा कोरडा करून सांगितलं, पण ऐकतो कोण?

*

दुसऱ्याच दिवशी मांजरसुंब्याचे एक आजोबा तावातावानं आले.

"माजं नाव कावून न्हाई? गणपत माज्याहून बारका, त्याचं घेतलं!"

"आजोबा, ही मरणाऱ्यांची यादी आहे!"

"आसू द्या की. सरकारी हाय ना?"

*

मग एक बाई सासऱ्यांना घेऊन आल्या. त्यांचं नाव यादीत होतं.

"सायब, पाडव्याच्या आदुगर का मागून, तेवढं सांगा. लेकीचं लगीन धरायचंय."

मी कपाळावर हात मारला. सासरे शांतपणे म्हणाले, "लगीन आदुगर धर. मला बी जेवाया मिळंल!"

*

साल संपलं. यादीतले बहुतेक ठणठणीत, आणि यादीबाहेरचेच पटापट गेले! वरून जाब आला, अंदाज का चुकला, लेखी कारण द्या.

मी लिहिलं, "संबंधितांनी सहकार्य केलं नाही."

*

त्यानंतरच्या पेन्शनच्या हजेरीला धारूरचे केरबानाना आले. किल्ल्यावर पहारा करून म्हातारे झालेले. घरी आंधळी बायको, आणि दोघांची चूल या पेन्शनवरच. यादीत पहिलं नाव त्यांचं मीच घातलं होतं.

घाट उतरून पायी आले होते. दारात जोडे काढले आणि हात जोडून उभे राहिले.

"या नाना, बसा."

बसेचनात. मान खाली घालून म्हणाले, "सायब, माफी करा. औंदा जमलं न्हाई."

मला माझीच लाज वाटली.

"लई बार निजलो, आता उठायचं न्हाई म्हनून. पर सकाळी म्हातारी हाक मारती. तिला दिसत न्हाई, पानी मलाच द्यावं लागतंय. तवर पेन्शन तोडू नका, सायब. ती गेली की दुसऱ्याच दिशी मरतो. लिवून घ्या."