छपराला भोक नको

आमचा फ्लॅट नायगावात, इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. शेवटचा मजला म्हणजे हवा, उजेड आणि गळती. हॉलच्या छताला दर पावसाळ्यात नवा नकाशा उमटतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आजवर एकाच विषयावर बोलत आलोय: गच्चीला भोक कोणी पाडलं? डिशवाल्यानं, इंटरनेटवाल्यानं, की सोलर हीटरवाल्यानं?

अशा माणसानं मोटारीमागे ओढायचा छोटा कॅरव्हॅन ट्रेलर घेतला. रविवारी राजोडीला समुद्रावर न्यायचा, पंखा लावून आत लोळायचं, असा बेत. पंख्याला वीज हवी, म्हणून ट्रेलरच्या छपरावर सोलर पॅनेल बसवायची वेळ आली. मी लगेच फर्मान काढलं. छपराला भोक नको.

हायवेवरच्या दुकानदारानं दोन प्रकार पुढे ठेवले. एक काचेचं, अॅल्युमिनियमच्या चौकटीतलं. जड, पण वीज भरपूर; ते स्क्रूनं आवळायचं. दुसरं पापडासारखं पातळ, चिकटपट्टीनं डकवायचं. भोक नाही, काही नाही, पण उन्हात तापलं की ते मलूल पडतं आणि लवकर म्हातारं होतं.

"काचेचंच घ्या साहेब. स्क्रूवर सिलिकॉन मारतो. एक थेंब आला तर बोला."

हे वाक्य आमच्या गच्चीवर इतक्या जणांनी उच्चारलंय, की मला ते तोंडपाठ झालंय. डोळ्यांसमोर ट्रेलरच्या छताला नकाशा उमटू लागला. त्या घाबरटपणातच मला एक युक्ती सुचली. पॅनेल काचेचं घ्यायचं आणि चिकटपट्टी पातळवाल्याची! दोन्हींतलं चांगलं ते आपलं.

"वाटलं तर पट्टी दुप्पट मारा," मी म्हणालो.

"तुमची गाडी, तुम्ही बोलाल तसं," दुकानदार म्हणाला, आणि त्यानं मारली.

सोसायटीनं ट्रेलरला जागा नाकारली होती, म्हणून तो निर्मळला सासूबाईंच्या केळीच्या वाडीत ठेवायचा होता. बायको ऑफिसमधून परस्पर स्कूटरनं दुकानात आली. स्टुलावर चढून तिनं पॅनेलला बोट लावून पाहिलं.

"अहो, हे नुसतं चिकटवलंय?"

"हल्ली विमानाचे भागसुद्धा चिकटवतात."

"विमानाच्या मागून स्कूटरवर कोणी जात नाही." ती उतरली, हेल्मेट चढवलं. "मी मागेच राहते. हललं तर हॉर्न मारीन."

निघालो. ट्रेलर ओढत गाडी चालवणं म्हणजे सासरच्या अख्ख्या मंडळींना पाठीशी बांधून लग्नात नाचणं. वळलो की तेही वळतात, पण त्यांना वाटेल तेव्हा. आरशात नुसती ट्रेलरची पांढरी भिंत. मागे कोण आहे, कोण नाही, काही दिसत नाही. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं होतं. घाम हनुवटीवरून शर्टात जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

निर्मळच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाऱ्या चिखलाचं मोकळं खाजण लागलं आणि समुद्रावरचा वारा आडवा आला. ट्रेलर डुलला. तेवढ्यात मागून हॉर्न वाजायला लागला.

आता, आमच्या वसई-विरारमध्ये हॉर्न ऐकून कोणी घाबरत नाही. हॉर्न म्हणजे 'बाजूला हो, मला घाई आहे'. मी सभ्य माणूस. गाडी डावीकडे घेतली, मोठ्या हिमतीनं एक हात स्टिअरिंगवरून सोडवला आणि खिडकीबाहेर काढून खुणावलं, जा बाबा पुढे. हॉर्न आणखी जोरात. "काय घाई आहे मेल्याला!" म्हणत मी पुन्हा हात हलवला.

मग छपरावर करकरलं. मागे रस्त्यावर काहीतरी आपटलं. आणि हॉर्न थांबला.

तो थांबला तेव्हा मला कळलं, तो कोणाचा होता.

गाडी कशी थांबवली, आठवत नाही. दार उघडताना पट्टा काढायचं विसरलो आणि सीटवरच परत आपटलो. ट्रेलरला वळसा घालून पाहिलं, तर रस्ता रिकामा. दूर मधोमध पॅनेल पालथं पडलेलं, भोवती काचेचा चुरा. त्यापलीकडे लादी पाव विखुरले होते. सासूबाईंसाठी तिनं घेतलेले, स्कूटरच्या हुकाला अडकवलेले पाव. स्कूटर नाही. ती नाही.

मी पळालो असं सांगायला आवडलं असतं. कसाबसा त्या पावांपर्यंत पोचलो आणि, का कोण जाणे, ते गोळा करू लागलो.

"ते राहू द्या! आधी मला वर घ्या!"

रस्त्याकडेच्या उतारावर, गवतात, स्कूटर आडवी पडली होती आणि शेजारी बायको हेल्मेटसकट बसली होती. पॅनेल उचललं जाताना पाहून तिनं स्कूटर सरळ खाली घातली होती. गुडघा फुटला होता.

"हॉर्न मारत होते ना मी!" ती ओरडली. "जीव तोडून मारत होते! आणि तुम्ही हात काढून मला सांगताय, जा पुढे?"

मी नुसते पाव पुढे केले. ती हसायला लागली, मग हसता हसता रडली. मी पाव छातीशी धरून तिच्याशेजारी बसलो.

नवं पॅनेलही काचेचंच घेतलं. या वेळी मी स्वतः म्हणालो, स्क्रू मारा, जितके बसतील तितके मारा. छपरात ड्रिल घुसताना डोळे मात्र मिटून घेतले.

वाडीत सासूबाईंनी शिंपणाचा पाइप छपरावर धरला. मी आत आडवा झालो, परीक्षक म्हणून.

"जावईबुवा, पानी येतंय का आत?"

कपाळावर टपकन एक थेंब पडला. खिडकीतून बायको दिसत होती, गुडघ्याला पट्टी, केळीखाली खुर्ची टाकून बसलेली.

"येतंय!" मी आतून ओरडलो, इतक्या आनंदानं, की सासूबाई पाइप टाकून आत बघायला आल्या, जावयाच्या डोक्यावर तर काही पडलं नाही ना म्हणून.