फळ्यावरची चौथी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझ्या पोटात एखादी गोष्ट राहते, हेच आमच्या घरात कुणाला खरं वाटणार नाही. जेवताना मी सुरू झालो की मुलगी वरणाची वाटी माझ्यापुढं सरकवते, म्हणजे तोंड तरी भरेल. संग्रहालयाचे माझे सगळे किस्से तिला पाठ आहेत. फळ्याचाही आहे. पण ती ऐकते तो खोटा आहे.

आधी जागेबद्दल सांगतो. सगळं जागेवर ढकलतोय असं समजू नका – की ढकलतोयच? माझं मलाच नीट कळत नाही. क्रांती चौकामागच्या गल्लीत, एका पतसंस्थेच्या डोक्यावर, दोन खोल्या आणि एक व्हरांडा, एवढंच आमचं स्थानिक इतिहासाचं संग्रहालय. मी तिथला मानद चिटणीस. मानद म्हणजे पगार नाही आणि किल्ली माझ्याकडं. लोक प्रेमानं जुन्या वस्तू आणून देतात आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यामुळं बाथरूममध्ये तीन दगडी जाती ठेवलेली आणि जिन्यात पालखीचा दांडा आडवा. पाहुणे वाकून आत येतात. त्यांना वाटतं, इथली तशी रीत असावी.

सुमनताईंनाही मी नाही म्हणालो नाही. ताई पैठणकडच्या. त्यांचे वडील, अण्णा गुरुजी, वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी मोठ्या माणसांना लिहायला शिकवायचे. गुरुजी एका सकाळी अचानक गेले, तेव्हा आदल्या संध्याकाळचा धडा फळ्यावर तसाच होता. घरच्यांनी तो पुसला नाही. फळ्यावर गुरुजींचंच धोतर पांघरून कितीतरी वर्षं जपला. मग एक दिवस टेम्पोत दोन गाद्यांच्या मधे उभा करून ताईंनी तो आमच्याकडं आणला.

"साहेब, नुसता खडू हाय तो. हात नका लागू देऊ कुणाचा," त्या म्हणाल्या. "आत ठेवताल ना?"

"आत, ताई. काचेत," मी म्हणालो.

आत जागा नव्हती. हे मला तेव्हाच माहीत होतं. आत काचेच्या कपाटात काय होतं, सांगू? आमच्या पणजोबांची पगडी. पाटीलकीची. मीच दिलेली, मीच नोंदवलेली, आणि कपाटाची जागाही मीच ठरवलेली. फळा व्हरांड्यात गेला. त्याच्यापुढं एक तांब्याचं घंगाळ ठेवलं, कारण घंगाळालाही दुसरीकडं जागा नव्हती.

फळ्यावर चार ओळी होत्या. पहिली – माझे नाव, मग मोकळी जागा, मग आहे. दुसरी – मी अंगठा लावणार नाही. तिसरी – मी सही करीन. चौथी घंगाळाच्या आड. काठाच्या बाजूनं फक्त पहिला शब्द डोकवायचा : उद्या. दोन वर्षं मी आल्यागेल्याला हा फळा भरल्या गळ्यानं दाखवला. चौथी ओळ कधी वाचली का? वाकलो असतो तर दिसली असती. पोटामुळं वाकवत नाही, असं मी लोकांना हसत सांगतो. हे हसण्यासारखं आहे का, आता कळत नाही.

एकदा शाळेची सहल यायची होती. मुलांना उभं राहायला जागा हवी म्हणून मी घंगाळ ओढून बाजूला केलं. मागं फळ्याच्या खालच्या भागावर कबुतरांनी घाण केलेली. तेवढ्यात शाळेच्या बाईंचा फोन आला – बस कुठं लावू? मी एका कानाला फोन धरला, त्यांना वळणं सांगितली, आणि दुसऱ्या हातानं ओल्या फडक्यानं ती घाण पुसली. फोन ठेवला तेव्हा फडकं पांढरं झालं होतं. चौथ्या ओळीतलं फक्त 'उद्या' उरलं होतं.

त्याच क्षणी ताईंना फोन करता आला असता. ओळ काय होती ते त्यांनी सांगितलं असतं. पण मग फळा व्हरांड्यात का, हेही सांगावं लागलं असतं. जिन्यावर मुलांचा गलका ऐकू यायला लागला. मी खडू घेतला.

'उद्या'च्या पुढं मी लिहिलं – आपला आहे. 'आहे' पहिल्या ओळीतून उतरवलं, 'आ'सुद्धा तिथलाच. 'ला' दुसऱ्या ओळीतून घेतला. 'प' कुठंच मिळेना. तो माझ्या हातचा, माझ्यासारखाच सुटलेला. मुलांनी ती ओळ एका सुरात वाचली. बाईंनी डोळे पुसले. आणि मला – खरं सांगतो – बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात ताई नातीला घेऊन आल्या. नातीनं चारही ओळी मोठ्यानं वाचल्या. ताईंनी पुढं होऊन फळा जवळून पाहिला. मग म्हणाल्या, "आता नीट दिसतंय." आणि वर बघून, "कबुतरं लई झालीत इथं."

एवढंच. त्या काय म्हणाल्या? मी हजारदा विचार केलाय. त्या रागावल्या नाहीत, की रागावून गप्प राहिल्या? घरात इतकी वर्षं जपलेली ओळ त्यांना पाठ नसेल, असं कसं होईल?

ती नात आता कॉलेजात आहे. पणजोबांच्या आठवणीच्या कार्यक्रमात ती दर वर्षी भाषण करते आणि शेवट त्याच ओळीनं करते. टाळ्या पडतात. ताई टाळ्या वाजवत नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, हातही दुखत असतील, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

आता आम्हाला मोठी जागा मिळाली आहे. गेल्या रविवारी बैठक झाली. फळा पहिल्याच दालनात, काचेत ठेवायचं ठरलं, आणि नातीनं सुचवलं की गुरुजींची चौथी ओळ दारावर कोरावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी ताईंना विचारलं, "ताई, तुमची काही हरकत?"

ताईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

"मला काय इचारता? चिटणीस साहेबांना इचारा," त्या म्हणाल्या. "त्यांना ठावं हाय."

सगळे माझ्याकडं वळले. ताई वाट बघत होत्या. नुसत्या बघत होत्या – ना राग, ना आर्जव. मला तोंड उघडायला पुरेसा वेळ होता. उलट जास्तच होता.

"चालेल," मी म्हणालो.

ताईंनी पदर सावरला आणि नातीला म्हणाल्या, "चल, बस निघंल."

काल कोरणारा येऊन दाराचं माप घेऊन गेला. अक्षरं केवढी हवीत, तेही त्यानं मलाच विचारलं. मी हातानं दाखवली. गुरुजींनी उद्या काय करायला सांगितलं होतं, ते सुमनताईंना माहीत आहे. मी त्यांना अजून विचारलेलं नाही.